तहानेला कलम लागत नाही

आत्याला कुणी 'देवमाणूस' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. माझ्यासमोर एकदा एका बाईनं भाबडेपणानं तसं म्हटलं आणि वर तिच्या पाया पडायला वाकली. आत्यानं पटकन पाय मागं घेतले.

"उठ आधी. देवमाणूस म्हणलं की तुमचं काम संपलं, व्हय ना? मग जे करायचं ते देवमाणसानं, तुम्ही नुसते हात जोडायचे. मी नाय देवमाणूस. मला राग येतो, शिव्या येतात, झोप लई प्यारी हाय. ती कळशी उचल अन् त्या म्हातारीला पाणी दे."

बाई कळशी घेऊन निमूट गेली. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, देवपण उतरलं की माणसं कामाला लागतात."

हर्सूलला तुरुंगाच्या रस्त्याला लागून असलेल्या गल्लीत तिचं घर होतं आणि सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. मी पाचोडची. शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तिच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की या घराचा ओटा घराचा नाहीच, तो रस्त्याचा आहे. तुरुंगातल्या माणसाच्या भेटीला तिथं 'मुलाखत' म्हणतात. बीड, जालना, परभणीकडच्या खेड्यांतून माणसं पहिल्या एसटीनं निघायची आणि मुलाखतीची वेळ होईपर्यंत कुठं बसायचं हे त्यांना कळायचं नाही. बाया जास्त. कडेवर मूल, हातात पिशवी, चेहऱ्यावर 'आम्हाला कुणी ओळखू नये' असा भाव. त्यांनी आत्याच्या ओट्यावर टेकायचं, पोरांची तोंडं धुवायची, मोबाईल आणि बोचकी तिच्याकडे ठेवायची आणि आत जायचं. संडासचं दार तिनं त्यांच्यासाठी उघडंच ठेवलेलं. "बाईमाणसाला पाण्याच्या आधी ते लागतं," ती म्हणायची, "पण पुण्य करनाऱ्याच्या ध्यानात फक्त पाणपोई येते."

कोण कशासाठी आत आहे, हे ती कधीच विचारायची नाही. मी नवीन असताना एकदा हळूच विचारलं, "आत्या, त्या लाल लुगड्यातल्या बाईचा नवरा कशात आहे?" ती म्हणाली, "तुझ्या घरात काय काय झालं, ते विचारलं का मी तुला खोली देताना?"

देवळात ती फारशी जायची नाही. उपास नाही, पोथी नाही. कोनाड्यात चार देव होते, त्यांना आठवण झाली की दिवा. मी टोकलं तर म्हणायची, "माझा देव रांगेत लई मागं उभा हाय. त्याला म्हणलं, थांब जरा, बाहेर लेकरू रडतंय. तो काय म्हणत नाय. त्याला घाई नाय, घाई माणसाला असते."

तिचा एकच नेम होता आणि तो ती कुठल्याही व्रतापेक्षा कडक पाळायची. आपल्याला जे सगळ्यात हवं असेल, ते आधी दुसऱ्याला. तिचा जीव चहावर. सकाळी उठल्यापासून तिला तलफ यायची, चहा उकळताना ती पातेल्यावर वाकून वास घ्यायची. पण पहिला, दाट कप ओट्यावर जो कुणी असेल त्याला. ओटा रिकामा असला की समोरच्या सलमाआपांना हाक मारून द्यायची. उरलेल्या गाळात पाणी घालून मग स्वतःचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, तू आधी पी ना! देण्यात तुला आनंद आहे हे कळलं, पण—"

"आनंद?" तिनं मला अडवलं. "कुणी सांगितलं तुला? आनंद झाला असता तर ती हौस झाली. हौसेला काय लागतंय? जीव 'मला, मला' करत असताना त्याच्या हातातून काढून दुसऱ्याला द्यायचं, ती उपासना. रोज सकाळी माझं न् माझं भांडण होतं. कधी मी जिंकते, कधी चहा जिंकतो."

आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी गल्ली ड्रम, टाक्या, बादल्या घेऊन धावायची. आत्याचे दोन ड्रम. त्यातलं अर्धं ओट्यावर जायचं आणि आठवड्याच्या शेवटी ती अर्ध्या बादलीत अंघोळ करायची. गल्लीत भाऊसाहेब म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या मुलीला स्थळं बघत होते. पाहुणे यायचे आणि कोपऱ्यावर तुरुंगातल्यांचे नातेवाईक बसलेले दिसायचे. एके दिवशी ते गल्लीतल्यांच्या सह्यांचा कागद घेऊन आले.

"आत्याबाई, ही चांगल्या लोकांची वस्ती आहे. चोर-खुन्यांच्या घरच्यांना तुम्ही इथं गोळा करता. पाणी तर कुणाला पुरत नाही."

"पानी माझ्या ड्रममधलं हाय, भाऊसाहेब. तुमच्या टाकीचं झाकण उघडलं का मी?"

"प्रश्न पाण्याचा नाही, इभ्रतीचा आहे."

"मग पान्याचं नाव कशाला घेतलं?" आत्यानं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "सह्या लई हायेत. यातल्या किती जनांची पोरं मी सांभाळली, सांगू? जाऊ द्या. ओटा माझ्या नावावर हाय. पोलिसांत जा, कोर्टात जा. माझ्या दारात रोज कोर्टाचीच मानसं असतात, रस्ता तेच दाखवतील."

भाऊसाहेबांनी मग तिच्या मुलाला, दत्तादादाला फोन केला. तो सिडकोत बायकोसोबत फ्लॅटमध्ये राहायचा. माणूस वाईट नव्हता, आईची काळजी होती. रविवारी वेल्डर आणून त्यानं ओट्याला जाळी बसवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. सोमवारी मी कामावर जायला निघाले तर घराच्या बाजूचं दार, तिच्या झोपायच्या खोलीचं, सताड उघडं. खाट उभी करून भिंतीला लावलेली आणि आत तिच्या सतरंजीवर पाच बाया बसलेल्या. पुढच्या रविवारी दादा आला, ते पाहिलं, जाळीचं कुलूप काढलं आणि चहा पिऊन गेला. पहिला कप त्याला मिळाला नाही, तो आधीच कुणीतरी घेतला होता.

आणि मग तो दिवस आला. त्या महिन्यात एका सुनेला जाळून मारल्याची बातमी सगळीकडे होती. नवरा अटकेत होता आणि त्याच्या आईचा चेहरा टीव्हीवर इतक्या वेळा दाखवला होता की गल्लीतल्या पोरांनीही तिला ओळखलं. दुपारचं ऊन, ती म्हातारी कोपऱ्यावर उभी. कुणी सावलीत घेईना. ओट्यावरच्या बायकाही सरकून बसल्या, तिला जागा होऊ नये म्हणून. खोटं कशाला बोलू, मीही. माझी त्या दिवशी सुट्टी होती, मी दारात आडवी उभी राहिले.

"आत्या, हिला नाही. हिला पाणी दिलंस तर मी खोली सोडीन."

"सोड," आत्या म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. मला बाजूला करून ती तांब्या घेऊन उतरली, उन्हात त्या बाईसमोर उभी राहिली आणि तांब्या पुढं केला. बाई गटागटा प्यायली. आत्यानं तिला हाताला धरून आणलं, ओट्यावर बसवलं आणि आत येऊन मोरीपाशी भडाभडा उलटी केली.

मी तिची पाठ चोळत होते. मी म्हटलं, "एवढा त्रास होतो तर कशाला?"

तेव्हा तिनं मंगलचं सांगितलं. तिला मुलगी होती हे मला दीड वर्षात कळलं नव्हतं. मंगलचं लग्न झालं, एक मुलगी झाली आणि तिसऱ्या वर्षी ती सासरी जळून गेली. स्टोव्ह भडकला, असं ते म्हणाले. जावई काही महिने याच तुरुंगात होता. मग साक्षीदार फिरले आणि तो सुटला.

"तो आत होता तवा त्याची माय मुलाखतीला यायची. संगं माझी नात. मंगलची पोरगी, दीड वर्साची. त्या समोरच्या लिंबाखाली बसायच्या. लिंब तवा एवढासा होता, सावलीच नव्हती. पोरगी पान्यासाठी रडत होती. मी पानी घेऊन दारात आले. तिच्या आजीचं तोंड दिसलं. अन् मी दार लावून घेतलं." आत्या थांबली. "दाराला पाठ लावून बसले. रडू ऐकू येत होतं. मला वाटलं, रडू दे, त्या बाईला कळू दे. पोरगी माझी होती गं! रडू थांबलं तवा दार उघडलं, तर गेल्या होत्या. मग गावबी सोडलं त्यांनी. पोरगी कुठं हाय, कशी हाय, मला ठाव नाय. त्या दिवशी माझा राग पुढं गेला अन् माझं लेकरू मागं राहिलं."

"म्हणून तू यांना माफ केलंस?"

ती ताडकन सरळ बसली. "माफ? माफ करनारी मी कोन? ते मंगलनं करावं, अन् मंगल नाय. त्याला सजा व्हायला पायजे होती, मी मरेपर्यंत म्हनीन. या बाईच्या पोरानं केलं असंल तर त्यालाबी व्हावी. कोर्टानं कोर्टाचं करावं. पण तहानेला कलम लागत नाय, पोरी. ऊन लागलेलं मानूस दारात आलं की आधी पानी. राग असू दे, त्यानं मागं थांबावं."

मी खोली सोडली नाही.

पुढच्या पावसाळ्यात ओट्यावरच्या ओल्या फरशीवरून ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दादानं तिला सिडकोत नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. तिचं सगळं अंथरुणात करावं लागायचं. वहिनी करत होत्या, मनापासून करत होत्या. आत्यालाच ते सोसत नव्हतं. त्या जवळ आल्या की ती अंग आखडून घ्यायची. एकदा तर दिवसभर पाणी प्यायली नाही, वहिनींना पुन्हा उठवायला नको म्हणून. वहिनी रडल्या. "आख्ख्या जिल्ह्याचं केलंत आई, माझ्या हातचं एवढं घेववत नाही तुम्हाला?"

नंतरच्या खेपेला गेले तर वहिनी तिला चमच्यानं पेज भरवत होत्या आणि ती मुकाट खात होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड उघडत होती. वहिनी भांडं ठेवायला आत गेल्या तेव्हा मला म्हणाली, "द्यायची मला सवय लागली होती. त्यातबी माझीच मिजास होती बघ. तिला करायचंय, तर आता तिचं आधी. घेनं हे द्यायाच्या चौपट अवघड हाय." माझ्याशी ती एवढं सलग बोलली ते शेवटचंच. दिवाळीच्या आधी गेली.

दादानं घर एका कुटुंबाला भाड्यानं दिलं. माझंही लग्न झालं, मी शेंद्र्याकडं राहायला गेले. तेराव्यानंतर भाऊसाहेब सलमाआपांकडं गेले होते, कारण आपांनी आपल्या दारात ताडपत्री बांधून बाकडं टाकलं होतं. "आत्या गेल्या, आता तरी हे बंद करा," ते म्हणाले. आपा सुपारी कातरत होत्या. "वो गये भाऊसाहेब, लोगां थोडी गये?" एवढंच बोलल्या.

दर गुरुवारी माझी सुट्टी असते. पाण्याचे दोन कॅन भरून मी आपांच्या दारात जाते. मला आत्यासारखं जमत नाही. मी लोकांना मनातल्या मनात आरोपी करते, कोण कशात असेल याचे अंदाज बांधते.

गेल्या उन्हाळ्यात गावी बांधावरून भांडण झालं आणि शेजारच्या रानातल्या माणसानं माझ्या वडिलांच्या हातावर कुऱ्हाड घातली. मी तेव्हा माहेरीच होते, डोळ्यांनी पाहिलं. वडिलांची दोन बोटं आता मिटत नाहीत. त्याला अटक करून हर्सूललाच आणलं, त्यानंतर चारेक गुरुवार गेले असतील. ताडपत्रीपासून दूर, उन्हात, त्या माणसाची बायको उभी दिसली. तिनं मला पाहिलं आणि पदर ओढून पाठ केली. सलमाआपा माझ्याकडे बघत होत्या. मला वडिलांचा हात दिसत होता. मी बराच वेळ तशीच बसले, हे लिहायला लाज वाटते, पण बसले.

मग पाणी घेऊन रस्ता ओलांडला.

ती मागं सरकली. "तुमच्या बापाला माझ्या नवऱ्यानं... मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

"केस चालू आहे, ती चालणार," मी म्हटलं. मी पाणी तिच्यापुढं धरलं. "साक्ष माझी आहे आणि ती मी देणारच, एकही शब्द गाळणार नाही. पाणी घे."