बाबांची उजवी किडनी

बाबांची उजवी किडनी काढली तेव्हा मी डहाणूच्या वसतिगृहात होते, माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या. त्यामुळे ऑपरेशनबद्दल मी जे सांगते ते ऐकलेलं आहे. पुढे आम्ही त्या हॉस्पिटलवर केस केली, तिच्याबद्दल मात्र पाहिलेलं सांगते, कारण प्रत्येक तारखेला मी त्यांच्यासोबत गेले.

आमचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडे. बाबांच्या पाठीत उजवीकडे दुखायचं, म्हणून त्यांना हायवेलगतच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथून सीटी स्कॅनला पाठवलं. स्कॅनच्या वेळी शिरेतून एक औषध देतात. किडनी चालू असेल तर ते तिच्यात उतरतं आणि फिल्मवर पांढरं दिसतं. बंद असेल तर दिसत नाही. हे मला पुढे आमच्या वकीलताईंनी समजावलं. रिपोर्टात लिहिलं होतं, उजवी किडनी कमी काम करते. सर्जनचं म्हणणं होतं, मी फिल्म स्वतः पाहिली, ती अजिबात काम करत नव्हती, ठेवली असती तर जिवावर बेतलं असतं. काढलेल्या किडनीच्या तपासणीत 'जुनी सूज' एवढंच आलं होतं, आणि दोन्ही वकील त्याचा अर्थ आपापल्या बाजूने लावायचे.

म्हणजे सगळं फिल्मवर येऊन थांबलं होतं. स्कॅन सेंटर मधल्या काळात बंद पडलं होतं, त्यांच्या कॉम्प्युटरवरचं काही मिळालं नाही. फिल्म होती ती फक्त आमच्या घरी.

वकीलताई नुकसानभरपाईबद्दल बोलायच्या तेव्हा बाबा मान हलवायचे. पण घरी त्यांचा प्रश्न एकच असायचा. भाताचे भारे रचताना थांबायचे आणि म्हणायचे, "चालू होती का बंद?"

"समजा चालू होती. मग?" मी एकदा विचारलं.

"मग मी हो म्हटलं ते चुकलं. सही मीच केली ना. बंद असली तर नाय चुकलं."

मला वाटतं त्यांना खरंच एवढंच हवं होतं. मी चुकीचं समजत असेन, पण त्यांनी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

सरकारी हॉस्पिटलातले स्कॅनचे डॉक्टर साक्षीला आले तो दिवस मला नीट आठवतो. ग्राहक आयोगाची खोली लहान आहे, शाळेच्या वर्गाएवढी. आई माझ्या शेजारी बसली होती. आम्ही त्या सकाळी घरून आणलेल्या पाकिटातून डॉक्टरांनी फिल्म काढली आणि खिडकीकडे धरली. आम्ही सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. फिल्म तपकिरी, काळी झाली होती. कडेला थोडा उजेड येत होता, मधे काहीच नाही.

हॉस्पिटलच्या वकिलांनी बाबांना उभं राहायला सांगितलं.

"ही फिल्म इतके दिवस कुठे ठेवली होती?"

"घरात."

"घरात कुठे?"

"चांगल्या जागी ठेवली होती, साहेब. बियाणं ठेवतो तिथं."

आयोगाच्या अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "बियाणं कुठे ठेवता?"

"चुलीच्या वर, माळ्यावर. धुरात कीड लागत नाय."

आईने माझ्याकडे बघत मान डोलावली. ती जागा तिनेच निवडली होती. माझी दहावीची मार्कशीट तिने ट्रंकेत जपली होती आणि वाळवीने अर्धी खाल्ली होती. तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद बियाण्याच्या कणसांशेजारी, सुक्या बोंबलांच्या वर. कॉलेजच्या ऑफिसात मी जातीचा दाखला दिला तेव्हा क्लार्कने तो नाकाजवळ नेला होता. "काय गं, भाजून आणलास का?" सगळे हसले होते, मीसुद्धा.

वकील बसले. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. मॅडमनी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते मराठीतच म्हणाले, अगदी हळू, "ही फिल्म उष्णतेने काळी पडते. आता हिच्यावरून किडनी काम करत होती की नाही, हे कोणीच सांगू शकणार नाही."

हे आईला कळलं. मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. समोर टेबलावर टाचण्यांची डबी होती, तिच्याकडे बघत राहिले. मला रडू आलं नाही, रागही आला नाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पाकिटावर तर सांभाळून ठेवा एवढंच होतं. तूच वाचलंस ना?"

"हो."

"गरम जागी नको ठेवू असं नव्हतं ना?"

"नव्हतं, आई."

ती पदराने मान पुसत राहिली.

तेवढ्यात मला दिसलं, बाबा शेजारी नाहीत. ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला सर्जनसमोर उभे होते. सर्जन एकटेच होते, मोबाईल बघत. मी धावत गेले, पण जवळ पोचल्यावर थांबले.

"साहेब, एक विचारायचं होतं. तुम्ही ती हातात घेतली होती ना? कशी होती?"

"काका, केस चालू आहे. मला असं बोलता येत नाही."

"केसचं नाय विचारत. कोंबडी कापली की कलेजी हातात घेतल्यावर कळतं ना, चांगली का खराब. तसं."

सर्जनने मोबाईल खिशात ठेवला. त्यांनी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते सांगतील. मग त्यांचे वकील जिन्यावरून येताना दिसले.

"पाणी भरपूर पीत जा, काका. आणि मीठ कमी करा." ते जिन्याकडे गेले.

बाबा माझ्यासोबत परत आले.

"काय म्हणला?" आईने विचारलं.

"पाणी पी म्हणला. मीठ कमी खा."

"ते तर मी रोज सांगते. मला कुठं फी देता?"

कोणी हसलं नाही, पण बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

वकीलताई फाईल आवरून बाहेर आल्या. त्यांनी खरं तेच सांगितलं. आता नुसत्या रिपोर्टच्या आधारावर बोलावं लागेल, बाजू कमजोर झाली आहे. समोरून तडजोडीची तयारी दिसते. केस पुढे चालवायची का, हे तुम्ही ठरवा.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली म्हणून. मी बाबांकडे पाहिलं.

"पुढच्या तारखेला सर्जनसाहेब येतील का?" बाबांनी विचारलं.

"यावं लागेल. त्यांची उलटतपासणी बाकी आहे," ताई म्हणाल्या.

"मग चालवा," बाबा म्हणाले.