मयुरीचा बस्ता आणि सरलाबाईचं तोंड

सुरतेत आपलं माणूस असणं ही खानदेशात भाग्याची गोष्ट समजतात. ते ‘आपलं माणूस’ होणं ही मात्र शिक्षा आहे, असं सुरतेतल्या कोसाडच्या सरलाबाईचं मत होतं, आणि ते तिनं ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगून ठेवलं होतं.

लग्नसराई जवळ आली की तिचा फोन शिरपूर, अमळनेर, चोपड्याकडून वाजायला लागे. लग्नाची कापडखरेदी म्हणजे बस्ता, आणि बस्ता सुरतेचाच हवा. मग कुणाच्या तरी मावसजावेची नणंद लाडात येऊन अहिराणीत म्हणे, “सरलाबाई, तुम्ही आठे शेतस तर जरा संगे चला ना.” हे ‘जरा’ सकाळी सुरू होई आणि संध्याकाळी डुमसच्या दर्यावर भजी खाऊन संपे. सरलाबाई घरी साड्यांना लेस लावायचं काम करी. रिंग रोडच्या मार्केटातून गठ्ठा आणायचा, लेस लावायची, गठ्ठा पोचवायचा. त्यामुळे कोणत्या मजल्यावर खरा माल आहे आणि कुठे नुसता झगमगाट, हे तिला तोंडपाठ होतं. तिचा तो दिवस बुडे तो बुडेच, वर पाहुण्यांचं ऐकून घ्यावं लागे.

तिचे सल्ले फार नव्हते. रविवारी येऊ नका, मार्केट बंद असतं. लोक रविवारी येत, कारण रविवारी त्यांना सुट्टी असे. गाडीतून उतरल्यावर जो माणूस आपणहून जवळ येईल त्याच्यापासून लांब राहा. लोक नेमके त्याच्याच खांद्यावर हात टाकून फिरत. घाऊक दुकानात एकच साडी मागून हुज्जत घालू नका, तिथं अख्खा सेट घ्यावा लागतो. साडीचा रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दारात उजेडाला नेऊन बघा. आणि डुमसला गेलात तर भरतीची वेळ विचारल्याशिवाय पाण्याकडे पाऊल टाकू नका. इतकं सोपं. पण पालथ्या घड्यावर पाणी. ज्यांना बैलाचे दात बघितल्याशिवाय बैल घेता येत नाही, ती माणसं सुरतेत आली की लहान पोरासारखी कुणाचंही बोट धरून चालायला लागत. सरलाबाई मग बोले, आणि तिचं बोलणं म्हणजे मिरचीचा ठेचा. पाहुणे म्हणत, बाई कामाची आहे, पण तोंडाची वाईट.

हे तोंड एकदा महागात पडलं होतं. तिची मुलगी मयुरी हिला चाळीसगावकडचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलाचे मामा बघायला आले आणि येताना स्टेशनाबाहेरून स्वतःच्या बायकोसाठी साडी घेऊन आले. सरलाबाईनं पदर उलगडला आणि म्हणाली, “हा डागी माल शे, तुम्हले फशाडं.” मामांना फसवलं होतं हे खरंच होतं, पण ते दहा माणसांत ऐकायचं नव्हतं. स्थळ मोडलं. मयुरीनं कितीतरी दिवस आईशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. ते सरलाबाईला फार लागलं होतं.

म्हणून यंदा शिरपूरकडचे रामदास आप्पा आपल्या मुलासाठी, प्रवीणसाठी, मयुरीला पसंत करून गेले, तेव्हा सरलाबाईची जाऊ इंदुबाई मुद्दाम येऊन सांगून गेली, “पोरनी मायनं लगीन व्हयेपर्यंत तोंडले कुलूप लावानं. हाई स्थळ गयं तर पोर घरमाच राही.” सरलाबाईनं देवापुढे हात जोडले आणि कुलूप लावलं.

आप्पांचा बस्ता अर्थातच सुरतेत ठरला. अर्थातच आप्पा सांगितलं होतं त्यापेक्षा एक दिवस आधी आले. सुरतेच्या अलीकडे कामरेजला पोचलात की फोन करा, असं सांगितलं होतं. फोन आला तेव्हा क्रूझर गाडी थेट रिंग रोडवर उभी होती. सरलाबाईचा नवरा हिलाल पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, त्याला असली ऐनवेळची रजा कोण देणार. मायलेकी रिक्षानं धावत पोचल्या. बघतात तर आप्पांच्या शेजारी लोटू उभा.

लोटूला अख्खं मार्केट ओळखत होतं. गाडीची नंबरप्लेट बघायची, त्या मुलखाची बोली काढायची आणि गिऱ्हाईक दुकानात नेऊन घालायचं, हा त्याचा धंदा. धुळ्याच्या गाडीला तो अहिराणी बोले, नांदेडच्या गाडीला मराठवाडी. आप्पांना त्यानं विचारलं होतं, “शिरपूर? मनं आजोळ शे ते.” झालं. बाहेर मुलखात कुणी अहिराणी बोललं की खानदेशी माणूस विरघळतो. आप्पा अभिमानानं विहिणीला म्हणाले, “देखा याहीनबाई, सुरतमा बी आपला मानूस भेटना.”

लोटूनं सरलाबाईकडे बघितलं. तिनं कधीकाळी त्याला भर जिन्यात झोडपून काढलं होतं, शब्दांनीच. आज ती पदर सावरून म्हणाली, “हा, चांगलं व्हयनं.” लोटूला आयुष्यात एवढं आश्चर्य वाटलं नसेल.

तिसऱ्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या, थंडगार कोल्ड्रिंक आणि डोळे दिपवणारे दिवे. दुकानदार साड्या फेकत होता, आप्पा मांडी ठोकून ‘ही घ्या, ती घ्या’ करत होते. आत्या, मामी, काकू, मावश्या, कुणाच्या मानाला कमी पडू नये म्हणून ढीग वाढत होता. एक मोरपंखी साडी त्यांनी खास मयुरीसाठी निवडली. सरलाबाईनं नुसता हात फिरवला आणि तिला कळलं. तिनं खोकला काढला. दाराकडे बघितलं. पुन्हा खोकला काढला. आप्पांनी तिच्यासाठी पाणी मागवलं.

“मम्मी, आ तो पहेली धोवामां ज उतरी जशे,” मयुरी कानाशी गुजरातीत पुटपुटली. पहिल्या धुण्यातच रंग जाईल, हे पोरीलाही दिसत होतं. सरलाबाईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. “गप बस,” ती दातांतल्या दातांत म्हणाली. आप्पांची बायको अनुसया डोक्यावरचा पदर न ढळू देता भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी विचारत नव्हतं आणि तीही सांगत नव्हती. प्रवीण मोबाइलवर सगळ्याचा व्हिडिओ काढत होता. पोरगा वाईट नव्हता, पण वडिलांनी ‘हो’ म्हटलं की त्याचं ‘हो’ आधीच निघालेलं असे. सरलाबाई आप्पांनी मागवलेलं पाणी घोट घोट घेत होती. फसवणूक डोळ्यांसमोर चाललेली आणि आपण पाणी पीत बसलेलो. बस्ता बांधला गेला, लोटू नमस्कार करून मागच्या दारानं आपला वाटा घ्यायला गेला.

मग डुमस. सुरतेत आलेला पाहुणा डुमस बघितल्याशिवाय परत गेला तर त्याला गावात घेत नसावेत. क्रूझर दर्यावर पोचली तेव्हा पाणी पार आत गेलेलं, आणि काळा ओला गाळ दूरपर्यंत पसरलेला. आप्पांनी पिशवीतून नारळ आणि एक हिरवा खण काढला. त्यांच्या गावच्या कानबाई देवीचं दरवर्षी तापीत विसर्जन होतं. तापी इथं दर्याला मिळते. तेव्हा बस्त्यातला पहिला खण तापीमाईला तिच्या शेवटच्या घरी द्यायचा, असं ते घरूनच ठरवून आले होते.

भक्तीला नाही कसं म्हणायचं. सरलाबाई अगदी गोड आवाजात म्हणाली, “आप्पा, पहिले भरतीना टाइम इचारी लेऊत.”

“माले पानीनं नका शिकाडा याहीनबाई. तापीना काठवर जल्म गया मना.” आणि आप्पा धोतर खोचून चालू लागले.

इथंच तर सगळी गोम होती. नदीच्या माणसाला पाणी एका बाजूनं येतं एवढंच ठाऊक. ते येताना दिसतं, ऐकू येतं, माणूस काठाला सरकतो. डुमसचं पाणी समोर शांत उभं राहतं आणि पाठीमागून भरतं. किनाऱ्यालगत गाळात चर पडलेले असतात, आधी ते भरतात. पुढे गेलेला माणूस दर्याकडे तोंड करून हात जोडत असतो आणि त्याची परतीची वाट मागच्या मागे बुडत असते. सरलाबाईनं टोमॅटोची भजी तळणाऱ्याला विचारलं. तो झारा न थांबवता म्हणाला, “भरती तो चालू थई गई, मासी.”

आप्पा एव्हाना बोटाएवढे दिसत होते. चरात पाणी चमकायला लागलं होतं.

“याहीन, हाक मारा त्यासले,” सरलाबाई अनुसयेला म्हणाली.

अनुसयेचा चेहरा पांढरा पडला होता. “मी? त्या कोनं आयकतस?”

“प्रवीण, तू जाय.”

प्रवीणनं फोन खाली केला. “आप्पा पूजेत आहेत. मध्येच बोलावलं तर चिडतात.”

सरलाबाईनं मयुरीकडे बघितलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. इंदुबाईचं बोलणं आठवलं, चाळीसगावचे मामा आठवले. गप्प राहिलं तर माणूस जातो, बोललं तर पोरीचं लग्न जातं. एक क्षण ती खरंच उभी राहिली, आणि त्या क्षणाची तिला पुढे लाज वाटली. मग तिनं साडी गुडघ्यावर खोचली, चपला फेकल्या आणि गाळात उतरली.

गाळ पाय सोडत नव्हता. चरात पाणी मांडीपर्यंत आलं होतं. आप्पांपर्यंत पोचली तेव्हा ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. सरलाबाईनं त्यांचं मनगट धरलं. मुलीच्या आईनं व्याह्याचं मनगट धरलं, भर दर्यावर.

“आप्पा, मुकाट्यानं चला.”

“आरे, खण तर सोडू द्या...”

“तापीमाय खण लेवाले घर येई. मांगे देखा. आठे पानी मांगतीन येस.” आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर सकाळपासूनचं सगळंच बाहेर पडलं. “तो लोटू तुमना कोनी नही, दलाल शे. ती मोरपंखी साडी दोन धुनामा पांढरी व्हई जाई. मी दारकडे देखी राहिंतू, खोकी राहिंतू, तुम्ही माले पानी पाजी राहिंतात. कोनं आयकानंच नही असं ठरावसन येतस का तुम्ही घरतीन? चला आते.”

आप्पांनी मागे बघितलं आणि त्यांचा रंग उडाला. सरलाबाई ओढत होती, ते येत होते. चरात पाणी कमरेच्या वर आलं, आप्पा धडपडले, डोक्यावरची टोपी पाण्यात पडून निघून गेली. खणही गेला. कोरड्यावर आले तेव्हा दोघं गाळानं माखलेले, आणि आजूबाजूला घोडेवाले, मक्यावाले, सगळे जमलेले. प्रवीणच्या हातातून फोन वाळूत पडला होता आणि तो उचलायचं त्याला सुचत नव्हतं.

“गाडी काढ,” आप्पा ड्रायव्हरला म्हणाले.

कोसाडला सरलाबाईच्या घरी आप्पांनी अंघोळ केली आणि ओट्यावर बोडक्या डोक्यानं बसून राहिले. मिलमधून आलेला हिलाल त्यांच्याशेजारी बसला. त्याला काय झालं ते माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमतही नव्हती. सरलाबाई आत शेवभाजीला फोडणी देत होती. कुणी खाईल की नाही, याचा भरवसा नव्हता. माणूस वाचला, आता लग्न गेलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. आणि राग येत होता. स्वतःचा, इंदुबाईचा, त्या लोटूचा, बस्ता सुरतेतच हवा म्हणणाऱ्या अख्ख्या खानदेशाचा.

अनुसया आत आली, पाटावर बसली आणि न विचारता लसूण सोलायला लागली.

“याहीन,” सरलाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, “गुन्हा मना तोंडना शे. पोरले शिक्षा नका देज्यात.”

अनुसयेनं दोन पाकळ्या सोलल्या. “मयुरी बी अशीच बोलस का?”

“नही हो माय,” सरलाबाई घाईनं खोटं बोलली. “ती गाय शे. तिना तोंडमातीन शबद निंघत नही.”

अनुसयेचा हात थांबला. “मंग काय कामनी?” ती म्हणाली. “त्या घरमा मी उनू तवयपशी त्यासले कोनी माघारे फिरा म्हनं नही. मी बी नही. आज मी काठवर उभी राहीसन देखी राहिंतू, अन् मना तोंडमातीन हाक निंघनी नही. मना नवरा बुडी राहिंता अन् माले हाक मारता उनी नही. माले वाटनं, आते घरमा एक तरी बोलनारी येई.”

मयुरी दारात उभी होती. सगळं ऐकत होती. “मी बोलते, आई,” ती अनुसयेला म्हणाली. “आज मम्मीनं बोलू दिलं नाही.”

“मंग बोल,” अनुसया म्हणाली. “आतेच बोल. भायेर जाय अन् सांग त्यासले, सकाय साड्या बदलाले जानं शे. मी तुना बाजूले उभी राहसू.”

तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि उठली. दोघी ओट्याकडे निघाल्या. स्थळ ठरल्यापासून पहिल्यांदाच सरलाबाईला गप्प बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिला बोलायला काही सुचेना.