तेरा बरगड्या

मामा गेल्याचा फोन बुधवारी सकाळी आला. शाळेत परिपाठ नुकताच संपला होता. साखऱ्याहून मामीच्या शेजारणीने दोन वाक्यांत सांगितलं : चहा पिऊन ओसरीत बसले होते, मान खाली गेली आणि संपलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. त्या क्षणी मनात काय आलं हे लिहायला थोडी लाज वाटते, पण मामांबद्दल लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल. मनात आलं, बरं झालं रविवारी जाऊन आले. रडू नंतर आलं, सेनगाव मागे पडल्यावर, गाडीत. त्या रविवारी खरं तर मी जाणारच नव्हते. घरी पाहुणे होते, वह्या तपासायच्या होत्या, आणि मोबाइलवर एक्स-रेचा फोटो पाठवला तरी काम झालं असतं. नवरा म्हणाला, 'फोटो त्यांना कोण दाखवणार? तूच जाऊन दाखव.' म्हणून गेले. नसते गेले तर आज हे लिहिताना हात इतका मोकळा चालला नसता.

पुंजाजीमामा म्हणजे माझ्या आईचे एकुलते भाऊ. कोरडवाहू शेती आणि बैल, एवढंच त्यांचं जग. आसपासच्या चार गावांत त्यांच्या हातच्या गोऱ्ह्यांचं नाव होतं. मरतुकडं वासरू आणून वर्षभरात त्याची पाठ चौरंगासारखी करायची, हा त्यांचा हातखंडा. मामांच्या दावणीला बरगडी दिसणारं जनावर कधी कुणी पाहिलं नाही. बरगडी दिसली की मालकाची इज्जत गेली, असं ते मानत, आणि दुसऱ्यांच्या बैलांकडे बघून तोंडावर बोलूनही दाखवत. त्यामुळे गावात त्यांना मानणारे जितके, तितकेच टपून बसलेलेही होते. मग गुडघे गेले, शेतात ट्रॅक्टर आला आणि शेवटची जोडी त्यांनी एका चांगल्या घरी देऊन टाकली. तरी रोज सकाळी रिकामा गोठा झाडायचे. मामी म्हणायची, 'शेण न्हाई, मूत न्हाई. काय झाडून राहिले कोणाला ठाऊक.'

त्या रिकाम्या दावणीला ब्रुनो आला तो माझ्यामुळे. नवऱ्याच्या साहेबांची बदली झाली आणि नव्या गावातल्या इमारतीत कुत्रं चालत नव्हतं. दोन महिन्यांचं ग्रेट डेनचं पिल्लू, राखाडी रंगाचं, पंजे मात्र अंगाच्या मानाने भलतेच मोठे. मी हो म्हणून बसले. हिंगोलीला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. या जातीच्या पिल्लाला वर्ष-दीड वर्ष जिने चढू-उतरू द्यायचे नाहीत, हे मला पिल्लू घरात आल्यावर कळलं. बारा किलोचं धूड दिवसातून चार वेळा कडेवर घेऊन मी आठ दिवस काढले, नवव्या दिवशी माझी कंबर धरली. दहाव्या दिवशी आम्ही त्याला साखऱ्याला नेलं. मामांनी त्याचा जबडा उघडून दात पाहिले, पुढचा पंजा तळहातावर घेऊन तोलला आणि म्हणाले, 'हाडापेराचा हाय. याचं नाव काय म्हन्लीस?' ब्रुनो त्यांच्या जिभेवर बसेना. तिसऱ्या प्रयत्नात तो बुरन्या झाला आणि बुरन्याच राहिला. मी मात्र हलक्या मनाने परत आले, आणि दोन महिने फोनवर खुशाली विचारण्यापलीकडे काही केलं नाही. या गोष्टीत माझा वाटा इथपासून आहे.

मामांनी त्याला वाढवला तो गोऱ्हा म्हणून. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. सरकीची पेंड कुत्रं खात नाही हे कळल्यावर ते दोन दिवस नाराज होते. मग दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वरून तुपाची धार, सकाळ-संध्याकाळ अंडी, आणि हाडं भरावीत म्हणून व्यालेल्या म्हशीला पाजतात ते कॅल्शियम. तेही बाटलीच्या बुचाने मोजून वगैरे नाही, वाटीने. पायात बळ यावं म्हणून गोठ्यातल्या आडव्या लाकडावरून त्याला उड्या मारायला लावायचे. मी फोन केला की म्हणायचे, 'बघच तू येऊन. पाठीवर पाणी ठरून राहिलं.' बैलाच्या पाठीवर पाणी ठरणं ही त्यांच्याकडची सगळ्यात वरची पदवी. मीही खूश होऊन वर्गातल्या पोरांना सांगायची, आमचा ब्रुनो वासराएवढा झालाय म्हणून.

जुलैच्या शेवटी गेले तर वासराएवढा ब्रुनो माझ्या स्वागताला उठलाच नाही. उठला तेव्हा पुढचे दोन्ही पाय मनगटातून वाकलेले, पंजे बाहेर फाकलेले. चार पावलं टाकून बसला. मामा म्हणाले, 'परवापास्नं जरा तकलीफ हाय. वजन पेलना. खुराक वाढवला म्या.' आम्ही त्याला उचलून गाडीत घातलं आणि हिंगोलीला जनावरांच्या डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी पाय चाचपले, एक्स-रे परभणीहून काढून आणायला सांगितला आणि तो बघून नीट समजावलं. मोठ्या जातीचं पिल्लू जितकं सावकाश वाढेल तितकं चांगलं. हाडांची टोकं अजून कच्ची आहेत. वर मांसाचं ओझं आणि आतून जास्तीचं कॅल्शियम, त्याने पाय वाकले. वेळेत आलात, कदाचित सरळ होतील... कदाचित नाही होणार. 'कदाचित' हा शब्द ऐकला आणि माझा तोल गेला. दवाखान्यातल्या चार माणसांसमोर मी मामांना म्हणाले, 'तुम्ही घालवले त्याचे पाय.' ज्या माणसाने आयुष्यभर लोकांची लंगडी वासरं उभी केली, त्याला मी हे म्हणाले. तेही, पिल्लू त्याच्या गळ्यात टाकून दोन महिने न फिरकलेली मी. मामांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, 'मंग आता कसं करायचं, सायेब?'

डॉक्टरांनी त्यांचा हात धरून ब्रुनोच्या कुशीवर ठेवला. म्हणाले, बाबा, इथे बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. तेवढाच सडपातळ ठेवायचा. म्हशीचं औषध बंद, दूध-तूप बंद, उड्या बंद. या जातीच्या पिल्लाचं म्हणून जे खाणं मिळतं ते मोजून तीन वेळा, आणि मऊ मातीत थोडं चालवायचं. मामांचा हात तिथेच राहिला. बरगड्या लागू द्यायच्या, म्हणजे जन्मभर ज्या गोष्टीला नावं ठेवली तीच आता स्वतःच्या दावणीला करून दाखवायची. परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मला 'मामा, चुकलं' म्हणता येत नव्हतं. जवळच्याच माणसाशी ते जमत नाही, कोण जाणे का. मी ब्रुनोला माझ्याकडे ठेवते म्हणाले, तर म्हणाले, 'तीन जिने हायेत तुह्या घरी. ऱ्हाऊ दे.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्यांचा फोन आला. मामा स्वतःहून फोन करत नसत, म्हणून मी धास्तावूनच उचलला. पलीकडून एकच शब्द आला, 'तेरा.' मला वाटलं चुकून लागला. 'तेरा काय, मामा?' तर म्हणाले, 'बरगड्या. एका अंगाला तेरा. बैलाला बी तेराच असतेत. हे आपल्यातलंच निघालं गं.' आवाजात इतका दिलासा होता की मलाही हसू आलं. मग तो रिवाजच झाला. सहा वाजता मामा बाजेवर बसायचे, ब्रुनो आडवा येऊन त्यांच्या गुडघ्यांना कुशी लावून उभा राहायचा, मामा डोळे मिटून बोटं फिरवायचे आणि मग मला फोन. 'तेरा' म्हणजे अंग बेताचं आहे. 'आज बारा' म्हणजे उद्याचं खाणं चिमूटभर कमी. वर्षभर आम्ही मामा-भाची रोज बोललो आणि मोजून दोन-तीन शब्द बोललो.

गावाने मजा बघितलीच. पारावरून हाक यायची, 'काहून पुंजाजी, उपाशी मारून राहिला का कुत्र्याला?' ज्यांच्या बैलांना मामांनी कधीकाळी नावं ठेवली होती ते मुद्दाम वाट वाकडी करून बरगड्या बघायला यायचे. मामी सांगते, ते कुणालाच उत्तर द्यायचे नाहीत. पण एकदा तिने कळवळून चोरून अर्धी भाकरी घातली, तर संध्याकाळी बोटांना ती बरोबर लागली. त्या दिवशी घरात भांडण झालं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेले होते. देवाधर्माचं मामांच्या घरात काही नसे, पण बैलांची खांदेमळणी कधी चुकली नव्हती. त्या दिवशी त्यांनी वाटीत तूप-हळद कालवली आणि ब्रुनोचे खांदे मळायला बसले. ज्याने कधी जू पाहिलं नाही त्याचे खांदे! मामी म्हणाली, 'तूप खायला बंद हाय, चोळायला न्हाई, असं इचारून आले डाक्टराला.' मी हसले. मामा हसले नाहीत, ते कामात होते. मळून झाल्यावर ब्रुनोने सगळं तूप चाटून टाकलं ती गोष्ट वेगळी.

पाय हळूहळू सरळ होत गेले. थंडीत मनगटं उभी राहिली, उन्हाळ्यात पंजे आत आले. तरी डॉक्टर म्हणत, हाडं पक्की होईपर्यंत सांगता येत नाही, दीड वर्षाचा झाला की बघू. त्यामुळे शेवटच्या एक्स-रेची आम्ही सगळेच वाट बघत होतो. तो सोयाबीन काढणीच्या दिवसांत निघाला. डॉक्टरांनी काचेसमोर धरला आणि म्हणाले, 'पक्की. सरळ. आता काळजी नाही.' तो घेऊन मी त्या रविवारी साखऱ्याला गेले.

मामांनी फिल्म उन्हात धरली. हाडं हातभर लांब, दांडगी, उसाच्या कांड्यासारखी सरळ. बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, 'म्हंजी म्या न्हाई घालवले याचे पाय.'

सव्वा वर्ष झालं होतं. माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी तेरा बरगड्या मोजताना ते त्यांच्याजवळ होतं, आणि मी इकडे समजून चालले होते की फोनवर हसतात म्हणजे विसरले. मी म्हणाले, 'नाही मामा. तुम्हीच सरळ केले. मी त्या दिवशी फार वाईट बोलले, चुकलं माझं.' ते म्हणाले, 'चुकलं न्हाई. बराबर बोललीस. पर लागलं व्हतं, आता सांगाया हरकत न्हाई.' आणि खरंच, काही ओझं उतरवावं तशी फिल्म त्यांनी बाजेवर ठेवली. चहा झाला. ती फिल्म घेऊन ते पारावर गेले आणि तासाभराने आले, म्हणजे बऱ्याच जणांना दाखवून आले असणार. मी निघताना मला म्हणाले, 'इकडं ये, आज तू मोज.' मी मोजल्या, तर दहाच लागल्या. मामांना मनापासून आनंद झाला. 'मास्तरीनबाईला गिनती येईना. अगं, पयल्या तीन खांद्याखाली असतेत. पाय फुडं घ्यायचा अन् मंग बोट आत घालायचं.' त्यांनी माझं बोट धरून आत नेलं. तिथे होत्या तीन. बुधवारी ते गेले.

मला दुःख आहेच. पण लोक सांत्वनाला येतात आणि माझा चेहरा बघून गोंधळतात, तेव्हा त्यांना हे सगळं कुठून सांगायचं? म्हणून इथे लिहिते आहे. माझा मामा मनावर माझा ओरखडा घेऊन गेला नाही. तीनच दिवस आधी का होईना, मी वेळेत पोचले.

बौद्ध रीतीने मामांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यानंतर मी हिंगोलीला परतले. ब्रुनोला आणायचं ठरत होतं, जिने चढायला आता हरकत नाही. मामी म्हणाली, नको, ऱ्हाऊ दे. पहिले काही दिवस त्याने नीट खाल्लं नाही. सहा वाजले की रिकाम्या बाजेला कुशी लावून आडवा उभा राहायचा आणि अंधार पडेपर्यंत हलायचा नाही. मामीला ते बघवेना. गेल्या आठवड्यात संध्याकाळी सहाला मामांच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे मामी होती, रडकुंडीला आलेली. 'सुमे, म्या बसले गं बाजेवर. दहाच लागून राहिल्या. खात न्हाई तर जास्त लागाया पायजे ना? तीन कुठं गेल्या?'

मी म्हणाले, 'मामी, पुढचा पाय पुढे घ्या त्याचा. आता खांद्याखाली बोट घाला.'

फोन बाजेवर ठेवल्याचा आवाज आला. साखळी वाजली. ब्रुनोचा एक लांब सुस्कारा ऐकू आला... मग मामीने फोन उचलला.

'हायेत,' ती म्हणाली. 'तेरा.'