अकराची वेळ

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं घरचे म्हणतात. पंचायती आणि पालिकांना निविदांचा, करारांचा सल्ला देणारी मी वकील, पण एका खुर्चीत अर्धा तास बसणं मला शिक्षा वाटते. पेडण्यात असले की डिचोलीचं काम डोक्यात, डिचोलीत आले की वाळपईचं. सल्लाही चालता चालता देते आणि मग तो बरोबर होता का म्हणून रस्ताभर स्वतःशीच भांडते.

डिचोलीकडच्या एका नदीकाठच्या पंचायतीला बांधाची मानस बदलायची होती. मानस म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू न देणारा लाकडी दरवाजा. निविदा मीच लिहून दिली. बंद पाकिटं सोमवारी अकरापर्यंत पेटीत पडावीत, उशिरा आलेलं पाकीट न फोडता परत करावं.

त्या सोमवारी अकराला पेटीला कुलूप लागलं, आणि सात मिनिटांनी गावचा म्हातारा मेस्त, म्हणजे सुतार, धापा टाकत आला. आधीची मानस त्यानेच बसवलेली. वर्षभर त्याच्याकडे धड काम नाही, हे पंचायत सचिवांनी माझ्या कानात सांगितलं. उशीर का झाला, तर तो देवळात कौलाला बसला होता. देवाला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार. पाकळी पडायचं नाव घेईना, आणि कौलाशिवाय पाकीट टाकणाऱ्यातला तो नव्हता. शेवटी पडली ती उजवीच.

पेटी अजून उघडली नव्हती. घेऊया का, असं सरपंचांनी मला हळूच विचारलं. समोर बाहेरगावचे दोन ठेकेदार घड्याळाकडे बघत बसले होते. पाकीट घेतलं असतं तर उद्या त्यांच्यापैकी कुणीही कोर्टात गेला असता, काम अडकलं असतं, आणि पाऊस तोंडावर आलेला. मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणेन.

मेस्त भांडला नाही, तेच मला जास्त लागलं. मी बाहेर पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत होते. तो पाकीट काखेत धरून जवळ आला.

“बाय, टायम अकराचोच कित्याक? दनपारचो चललो नासतो?”

वेळ अकराचीच का, दुपारची चालली नसती का, एवढंच त्याला विचारायचं होतं. “नियम आहे,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. मला माझीच लाज वाटली, कारण मी धडधडीत खोटं बोलले होते. नियमाला एक ठरलेली वेळ लागते, ती अकराच असावी असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. त्या देवळात सोमवारी कौलाला रांग असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं ऑफिससुद्धा कौल घेऊनच उघडलेलं. पण दुपारी मला पेडण्यात दुसरी बैठक गाठायची होती, म्हणून मी अकरा लिहिलं होतं.