शून्य-शून्य

शिकवण्याचं रीतसर सर्टिफिकेट मिळालेली बाई आहे मी. पहिलीच्या पोट्ट्यांना बाराखडी शिकवली, शेंबूड पुसत पाढे शिकवले आणि कधी आवाज चढवला नाही. पण माझ्या स्वतःच्या घरच्यांना व्हिडिओ गेम शिकवताना मी इतकी ओरडले, की शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन विचारायच्या, काय झालं व, कोणाले लागलं का?

लागलं मलाच होतं. डोक्याला.

माझा थोरला भाऊ नागपूरला रेडिओ-टीव्हीच्या दुकानात कामाला होता. टीव्ही नव्यानं गावागावांत येत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या शहापुरात हायवेच्या अलीकडे एखाददुसरी अँटेना दिसायची, त्यातली एक आमच्या घरावर, ती भावाच्या कृपेनं. एका रविवारी तो एक काळा डबा घेऊन आला. कुठल्याशा गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकलेला आणि पुन्हा न्यायला न आलेला. डब्याला लांब वायरनं जोडलेली दोन गोल बटनं. टीव्हीला लावलं की काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या उभ्या पट्ट्या दिसायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधून एक चौकोनी ठिपका इकडून तिकडे जायचा. तो म्हणे बॉल. बटन फिरवलं की पट्टी खालीवर होते. बॉलला पट्टी लावायची, टुक आवाज होतो, बॉल परत जातो. समोरच्याचा चुकला की तुम्हाला एक पॉइंट. एवढंच! यात न समजण्यासारखं काय आहे?

भाऊ सोमवारी पहाटेच्या बसनं निघून गेला. जाताना म्हणाला, "तू शिकव सर्वाइले. तू तं मास्तरीन आहेस."

बाबांपासून सुरुवात केली. बाबा जन्मभर रेडिओचे भक्त. बटन हातात आल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले, कान टीव्हीकडे केला आणि बटन केसाएवढं केसाएवढं फिरवू लागले. बॉल सुटत होता, पॉइंटवर पॉइंट जात होते, आणि बाबा मला विचारतात, "लागलं का स्टेशन?"

"बाबा, डोळे उघडा! पडद्याकडे पाहा!"

"मंग आवाज कायचा येऊन राहिला टुकटुक?"

मी कपाळावर हात मारला. डोळे उघडले तर नवीनच तऱ्हा. बॉल खाली आला की बाबा स्वतः खाली वाकायचे, वर गेला की मान वर, बटन मात्र जागच्या जागी. अशानं कमरेत उसण भरली आणि दोष माझ्या माथी. मग गल्लीतली माझी मैत्रीण आली. ती पडद्याकडे बघेच ना, हातातल्या बटनाकडेच टक लावून बघायची, तिथून बॉल निघणार असल्यासारखी. तिला सांगून सांगून माझा घसा बसला.

आणि आई! आईला बटन जमलं. बाबांच्या आधी, मैत्रिणीच्या आधी, खरं सांगायचं तर माझ्यापेक्षाही चांगलं जमलं. एक बॉल सोडायची नाही. पण जिंकायचीच नाही ना! मी पट्टी वर नेली की बॉल वर पाठवायची, खाली नेली की खाली. अगदी माझ्या पट्टीवर आणून द्यायची.

"आई, मी नाही तिकडे टाक. मले चुकवाले लाव."

"काहून व? तू पोचत आहेस ना. मंग कायले लांब टाकू?"

"अवं, मी चुकले तर तुले पॉइंट!"

"मले काय करायचा आहे पॉइंट? चाललं आहे चांगलं तं चालू दे ना बाप्पा."

मी मुद्दाम बॉल सोडला, की पाहा, असा तुझा पॉइंट होतो. तर ती हळहळली. "च्च! सुटला बाई." आणि पुढच्या बॉलला आणखी सांभाळून, अगदी अलगद माझ्या हातात. पोरं परीक्षेत नापास होतात, पण पास व्हायलाच नकार देणारा विद्यार्थी मी तोपर्यंत पाहिला नव्हता. मी चरफडत उठले.

तेव्हा माझं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं. वैशाखात माझं लग्न होतं आणि एका गोष्टीसाठी मी आईशी रोज भांडत होते.

आमच्या घरात लग्नाची हळद उखळात कांडतात. दोन मुसळं, दोन जावा. घरची थोरली सून आणि धाकटी सून, समोरासमोर उभ्या राहून. माझ्या आत्यांच्या लग्नात आई आणि काकूनंच कांडली होती. नुसती हळदच काय, गावात गिरणी धड चालत नव्हती तेव्हा घरचं सगळं धान त्या दोघींनीच कांडलं. एका उखळात दोन मुसळं, एकीचं वर तर दुसरीचं खाली. मी उंबऱ्यावर बसून बघायची. मधेच कोणाचं लेकरू रडलं, तर एक बाई मुसळ सोडून जायची आणि जी कोणी जवळ असेल ती धावत येऊन मुसळ धरायची. ठोका चुकू द्यायचा नाही, हा नियम. ठोका चुकला की मुसळावर मुसळ आदळतं आणि हाताला झिणझिण्या येतात.

मग बाबा आणि काका वेगळे झाले. अंगणात भिंत आली. भावाभावांचं काही बिनसलं नाही, ते अजूनही धानाच्या बांध्यांवर एकत्र जात, एकाच चिलमीतून ओढत. बोलणं थांबलं ते आई आणि काकूचं. का, ते विचारू नका. आई म्हणायची, "मी नाही थांबली. थे थांबली आधी. मी हाक मारली तं पाहून न पाहिल्यासारखं केलन." काकूला विचारलं तर तिचंही तेच, "मी कायले थांबू? तुही मायच थांबली. मी भाजी पाठवली तं वाटी रिकामी परत पाठवलन, एक शब्द नाही." बस, एवढं! या एवढ्यावर कित्येक वर्षं दोन शहाण्या बायका भिंतीच्या दोन बाजूंना.

काकूला मुलगी नाही. माझं अर्धं लहानपण तिच्या कुशीत गेलं, माझ्या वेण्या तिनं घातल्या, मला गोवर आला तेव्हा माझ्या उशाशी ती बसली होती. आणि माझ्या लग्नाची हळद कोण कांडणार? तर आई म्हणे, एकोडीहून मावशीला बोलावू.

"मावशी जाऊ आहे का तुही?" मी विचारायची.

"मंग थे येईन का सांगून पाय. तिनं आधी बोलावं, मी मुसळ हातात देतो."

काकूकडे गेलं की, "तुह्या मायनं आधी बोलावं. मी धावत येतो."

असा संताप यायचा! दोघींना समोरासमोर बसवून कानाखाली द्यावीशी वाटायची, पण आईला आणि काकूला कानाखाली देता येते का?

त्या शुक्रवारी दुपारी आई गोधड्या धुवायला तळ्यावर गेली. मी भिंतीच्या टोकाच्या खिंडारातून काकूकडे गेले आणि म्हटलं, चल, मला खेळायला कोणी नाही. ती तयार होईना. "तुही माय?" घरी नाही म्हटल्यावर आली, पण चोरासारखी, पदर डोक्यावर ओढून. घरात पाऊल टाकल्यावर आधी फडताळाकडे बघितलं, मग चुलीकडे. "भांडे तिथंच लावते अजून," एवढं म्हणाली.

मी टीव्हीसमोर चटई टाकली, बटन हातात दिलं आणि शिकवलं. बॉल माझ्यापासून लांब टाकायचा, काकू. लांब. समजलं?

"हो."

आणि अलगद माझ्या पट्टीवर! पुन्हा. पुन्हा. तेच, अगदी तेच!

"काकू, मले हरवायचं आहे!"

"कायले व? पोरीले कोणी हरवते का? तू येऊ दे, मी देतो."

मी बटन आपटणार होते. एक नाही, दोन विद्यार्थी, दोघींना एकच रोग! तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला. दूध! चुलीवर दूध ठेवून मी इथं बसले होते. बटन चटईवर टाकलं आणि धावले. मागून काकू ओरडली, "अवं, सुटून राहिला ना! धर ना व कोणी!"

दुधाचं वाटोळं झालं होतं. पातेलं उतरवलं, हात भाजला, चुलीवर सांडलेलं फडक्यानं पुसलं. आणि मग लक्षात आलं की बाहेर टुकटुक चालूच आहे.

फडकं हातात घेऊनच दारात आले. ओल्या गोधड्यांचा पिळा उंबऱ्याशी पडला होता. आई चटईवर बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हातात माझं बटन. पुढच्या दारानं आली असणार, काकूची हाक ऐकली असणार, आणि बॉल सुटायच्या आत धरला असणार. समोर कोण आहे ते बघायच्या आधीच धरला, हे मी आजही शपथेवर सांगते.

दोघींमध्ये हातभर अंतर होतं. दोघीही पडद्याकडे बघत होत्या. तोंडं गच्च मिटलेली. टुक. टुक. आई अलगद पाठवायची, काकू अलगद परत करायची.

बोला ना कोणीतरी! पण मी तोंड उघडलं असतं तर दोघी भानावर आल्या असत्या. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभी राहिले. बाबा बाहेरून आले. त्यांनी आईकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, टोपी काढली आणि मला हळूच विचारलं, "किती झाले?"

"शून्य-शून्य."

बाबा कोपऱ्यात बसले. बराच वेळ ते टुकटुक ऐकत आम्ही दोघं तसेच.

आणि लाइन गेली. पडदा आकसून एक ठिपका झाला आणि तोही विझला. दोघी हातात बटनं धरून काळ्या काचेकडे बघत राहिल्या. आता काकू उठणार आणि खिंडारातून निघून जाणार, हे मला दिसत होतं. त्या लाइनवाल्यांना मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

काकू उठली. पदर डोक्यावर घेतला. दारापर्यंत गेली आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "माह्याकडून नाही सुटला."

आई एकदम तडकली, "मंग माह्याकडून सुटला का?"

"मी म्हटलं का तसं?"

"म्हटलंच! सारं माह्याच माथी मारतं तू. तवाही मारलं."

"मी मारलं? वाटी कोणं परत पाठवली, बाई, रिकामी?"

"माह्या घरात त्या दिवशी दाना नव्हता वाटीत टाकाले! रिकामी नाही पाठवणार तं काय करू? लाज वाटून राहिली होती मले!"

बाबांनी मान खाली घातली. वेगळं झालो त्या वर्षी आमच्या बांध्यांत पीक आलं नव्हतं, हे मला माहीत होतं, पण हे माहीत नव्हतं.

"मले सांगतलं असतं तं," काकू म्हणाली.

"तू हाकेले ओ दिली असती तं सांगतलं असतं."

"मले ऐकू नाही आली हाक. तुह्या गळ्याची आन, नाही आली."

आईनं नाक पुसलं. मग तिच्या नेहमीच्या, माझ्या अंगावर काटा आणणाऱ्या हुकमी आवाजात म्हणाली, "लाइन येऊ दे. मंग पाहू कोणाकडून सुटते तं. बस."

काकू बसली. मला चहा ठेवायला पाठवलं. जळक्या दुधाचा चहा झाला, आणि तो दोघींनी नावं न ठेवता प्यायला. लाइन आली ती दिवेलागणीला. तोवर त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण मी डोकावले की दोघी मिळून मला हाकलायच्या.

वैशाखात हळद कांडायला उखळ धुऊन अंगणात ठेवलं. मुसळांना आंब्याची पानं बांधली. आई एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला. रीतीचे पाच ठोके पुरतात, बायका अक्षता घेऊन उभ्या होत्या, न्हाणं खोळंबलं होतं. पाच झाले, दहा झाले, हळकुंडांचा पार भुगा उडाला, तरी मुसळं चालूच.

"अवं, पुरे!" मी पाटावरून ओरडले. "आई, थांब ना!"

"मले काय सांगतं?" आई धापा टाकत म्हणाली. "तिले सांग थांबाले."

"मी नाही थांबत बाई आधी," काकू म्हणाली. "यांदा तं मी नाहीच थांबत."

बायका हसायला लागल्या. मी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं, आणि रडूच फुटलं. कोणीतरी म्हणालं, पोरगी सासरी जायचं म्हणून रडून राहिली. मी कोणाला काही समजावून सांगितलं नाही. तोवर शिकवायचा मला पुरता कंटाळा आला होता.