आमच्याकडं छान चालतंय

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. निरोप समारंभात माझ्या हुशारीवर भाषणं झाली तेव्हा ती तोंडाशी आली होती. पण पुढ्यात शाल आणि नारळ होते, ते घेऊन मी घरी आलो. आता गुडघे गेले, ऐकू कमी येतं, आणि माझ्या हुशारीचं कौतुक करणारंही एक माणूस सोडून कुणी उरलं नाही. खरं लिहायला याहून सोयीची वेळ कोणती?

शिरूरजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळायचो. खरेदीचे आकडे एकीकडे, उत्पादनाचे दुसरीकडे, रवानगीचे तिसरीकडे, अशी स्थिती. महिन्याच्या बैठकीत प्रत्येक विभाग एकाच मालाचा वेगळा आकडा सांगायचा आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा ठरायचा. मोठ्या साहेबांनी कुठल्याशा परिषदेत ऐकलं की यावर डेटा वेअरहाऊस हा उपाय आहे. म्हणजे सगळ्या विभागांचे आकडे रोज रात्री आपोआप उचलायचे, तपासायचे आणि एका जागी नीट लावून ठेवायचे, जेणेकरून एका प्रश्नाचं एकच उत्तर मिळेल. कल्पना वाईट नव्हती. वाईट होते ते त्यासाठी सॉफ्टवेअर निवडणारे लोक, आणि त्यांच्या समितीचा प्रमुख मी होतो.

एका लहान कंपनीचे दोघे पुण्याहून एसटीने आले. त्यांनी आमचेच आकडे मागून घेतले, आठवडाभर खटपट केली आणि येऊन सांगितलं की एकाच पुरवठादाराचं नाव तुमच्याकडे अनेक तऱ्हांनी लिहिलंय, काही मशीनच्या नोंदीच नाहीत, हे आधी निस्तरावं लागेल, नाहीतर कुठलंही सॉफ्टवेअर अडकेल. आमचे हिशेब विभागाचे प्रमुख म्हणाले, यांना आत्ताच जमत नाही तर पुढे काय जमणार. सगळे हसले. मीही हसलो.

मग मोठी कंपनी आली. तिच्या विक्री अधिकाऱ्याने एका चॉकलेटच्या दुकानाचे आकडे पडद्यावर नाचवून दाखवले. त्या दुकानात कुणी नोंद करायला विसरत नव्हतं, वीज जात नव्हती, माल परत येत नव्हता. असं दुकान पृथ्वीवर कुठे असेलच, तर त्याला वेअरहाऊसची गरज नाही. आम्ही काहीही विचारलं की तो म्हणायचा, "होऊन जाईल सर." या तीन शब्दांवर आमची समिती भाळली.

गुणतक्ता होता, तो असावाच लागतो. निकाल आधी ठरला, गुण नंतर भरले. बेरजेत लहान कंपनी पुढे जाऊ लागली तेव्हा 'भविष्यातील वाढीची क्षमता' असा एक रकाना वाढवला आणि त्यात मोठ्या कंपनीला पैकीच्या पैकी दिले. त्या रकान्याचा अर्थ मला तेव्हाही ठाऊक नव्हता.

शेवटचा सोपस्कार म्हणजे, जिथे ते सॉफ्टवेअर आधीपासून वापरात आहे तिथे जाऊन विचारायचं. त्यासाठी विक्री अधिकारी आम्हाला कोरेगाव भीमाच्या बाजूच्या एका कारखान्यात घेऊन गेला. आपल्याकडे सोयरीक जुळवताना मुलाची चौकशी जशी करतात तशीच ही चौकशी. मुलगा दारूडा असला तरी शेजारी 'घर चांगलंय' म्हणतात, कारण सांगणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं. तिथल्या अधिकाऱ्याने चहा दिला, पडदा दाखवला, 'आमच्याकडं छान चालतंय' म्हणाला आणि हायवेवरच्या हॉटेलात मटणाचं ताट वाढलं. निघताना काचेपलीकडे मला त्यांचा एक माणूस दिसला. पडद्यावरचा तोच तक्ता तो हाताने एक्सेलमध्ये भरत होता. मी ते पाहिलं आणि गाडीत जाऊन बसलो.

आमच्याकडे ते कधीच चाललं नाही. रात्री आकडे उचलायला सुरुवात व्हायची आणि नेमकं त्या पुरवठादारांच्या नावांपाशी सगळं अडकायचं. सकाळी साहेबांच्या पडद्यावर परवाचं उत्पादन दिसायचं. मोठ्या कंपनीची माणसं येऊन तुमचे आकडेच घाण आहेत म्हणून गेली, जे एसटीने आलेल्या त्या दोघांनी फुकटात सांगितलं होतं. शेवटी मी माझ्या विभागातली दोन माणसं बसवली. ती पहाटे एक्सेलमध्ये आकडे जुळवायची आणि हाताने आत घालायची. साहेब आले की पडदा हिरवागार, म्हणजे सगळं ठीक. पुण्याच्या एका हॉटेलात 'यशस्वी ग्राहक' म्हणून त्या कंपनीने मला काचेसारखी दिसणारी प्लास्टिकची ढाल दिली. ती मी दिवाणखान्यात ठेवली.

मग लोक आमच्याकडे विचारायला येऊ लागले. त्यांच्यात तो होता. कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात आमच्यासारखंच काम करणारा, भांडगावचा, माझ्या मुलाच्या वयाचा. मी पडदा दाखवला, चहा दिला, जेवायला नेलं. विक्री अधिकारी शेजारी होता, म्हणून त्याने काही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र म्हणाला, आप्पा, मी न्हावऱ्यावरूनच जाणार, वाटेत तुम्हाला घरी सोडतो.

घरासमोर त्याने गाडी बंद केली.

"आप्पा, आता कुणी न्हाई. खरं सांगा, चालतंय का तुमच्याकडं? माझ्या साहेबाला दुसरंच घ्यायचं हाय. मी आडवा पडलोय ह्याच्यासाठी. उद्या फसलं तर मला ठेवत न्हाईत."

एवढी स्वच्छ संधी आयुष्यात क्वचित मिळते. ना साहेब, ना विक्रेता, आणि विचारणारा हात जोडून बसलेला. माझ्या मनात आलं, मला कोरेगावात कुणी सांगितलं होतं का? मग मी का सांगू? शिवाय हा बोलला तर गोष्ट आमच्या साहेबांपर्यंत जाईल. आणि ढाल?

"छान चालतंय," मी म्हणालो. "बिनधास्त घे."

त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला.

त्याच्याकडे ते आमच्यापेक्षा लवकर फसलं. औषधांच्या तपासणीचे आकडे उशिरा दिसणं चालत नाही, आणि पहाटे खोटं जुळवून ठेवायला तो तयार नव्हता. एक दिवस त्याच्या साहेबाचा मला फोन आला. फोन बहुतेक सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला असावा, कारण मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. त्याने विचारलं, तुमच्याकडे हेच सॉफ्टवेअर नीट चालतं का? मी हो म्हणालो. म्हणजे दोष आमच्या माणसाचा, असं तो म्हणाला. मी फोन ठेवला. पुढच्या महिन्यात त्या पोराची नोकरी गेली.

मला वाटलं होतं, तो माझ्या नावाने बोटं मोडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. थोरल्या मुलीचं लग्न, दौंडला कार्यालयात, आप्पा तुम्ही यायलाच पाहिजे. मी एक वाक्य तयार करून गेलो. वाटेत रिक्षात ते म्हणून पाहिलं.

मंडपात त्याने मला हाताला धरून नेलं आणि व्याह्यांना सांगितलं, हे आमचे आप्पा, कंप्युटरमधले लई मोठे. आता हायवेला त्याचं टायरचं दुकान आहे, बरं चाललंय म्हणे. जेवायला बसवून माझ्या ताटात जिलेबी त्याने स्वतः वाढली आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

"आप्पा, अजून कवा कवा रात्री इचार करतो. तुमच्याकडं चाललं, आन् मला न्हाई जमलं. नक्की कुठं चुकलो असंल हो मी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. वाक्य तयार होतं. तेवढ्यात नवरामुलगा पाया पडायला आला, मी त्याला आशीर्वाद दिला, आणि पुन्हा वळलो तर हा उत्तराची वाट पाहत तसाच बसला होता. मी म्हणालो, जिलेबी चांगली झालीय. त्याने आणखी दोन वाढल्या.

ते वाक्य असं होतं: बाळा, आमच्याकडंही ते कधी चाललं नव्हतं, मी खोटं बोललो, तुझं काही चुकलं नाही, मला माफ कर.