धुरपताबाईची सेलरी

मुखेडात धुरपताबाईला ओळखत नाही असा माणूस एक तर काल बदलून आलेला असतो, नाही तर पालेभाजी खात नसतो. आठवडी बाजारात तिची जागा ठरलेली. पुढ्यात मेथी, चुका, अंबाडी, शेपू. माहेर किनवटकडचं, रानाला लागून. कोणताही पाला आधी हुंगायचा आणि मगच त्याच्याबद्दल बोलायचं, ही खोड तिकडची. गिऱ्हाइकाचंही ती तसंच करते. समोरची सून सासूसाठी भाजी न्यायला आलीय की सासूशी भांडून आलीय, हे जुडी हातात देता देता ओळखते आणि संध्याकाळपर्यंत ते आम्हाला कळतं. आम्ही म्हणजे तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारे. ऐकू येतं, त्याला माझा काय इलाज?

नवरा ग्यानोबा. सज्जन माणूस, म्हणजे बायको बोलत असताना शेंगा फोडत बसणारा. एकुलता एक लखन. तो हैदराबादला एका हॉटेलात चायनीज शिकला, परत आला आणि एसटी स्टँडबाहेर गाडा टाकला. पाटीवर ड्रॅगन काढून घेतला. पेंटर आमच्याच गल्लीतला, जन्मभर पोळ्याचे बैल काढलेला. त्यामुळे त्या ड्रॅगनच्या डोळ्यांत बैलाचा गरीबपणा उतरला. खाणाऱ्यांची तक्रार नव्हती. लखनची होती.

"आई, सूपला चव येईना. तिकडं त्यात सेलरी टाकायचे."

"ती काय असती?"

"कोथिंबिरीवानी दिसती, पण कोथिंबीर न्हाई. चिनी हाय. नांदेडला मिळती कधीमधी, पण बसमधी इथवर येस्तोवर मान टाकती."

"मंग बी मागव की. मान टाकायला बसमधी कशाला बसवायची तिला?"

मोबाइलवरून बी आलं. पाकिटावर सगळी चिनी अक्षरं. धुरपताबाईने चिमूटभर तळहातावर घेतलं, हुंगलं आणि लेकाकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आरं, ह्यो ओव्याचा बारका भाऊ हाय. अन् तू चिनी म्हणून घेऊन राहिलास."

तरी पेरलं. परसात कुंडी भरली, बी टाकलं, वर बोटभर माती लोटली आणि बाळाला थोपटावं तशी थापटली. तिचं शास्त्र एकच. बी म्हणजे बाळंतीण, पांघरूण पाहिजेच. मेथी अशीच उगवली, धने असेच उगवले, लखनही असाच वाढला. चिनी बी मात्र उगवलं नाही. ती रोज कुंडीत वाकून बघायची आणि रोज एका नव्या माणसाला शिव्या द्यायची. बी विकणारा झाला, पाकीट आणणारा पोरगा झाला, शेवटी अख्खा चीन झाला. एक दिवस रागाने तिने पाकिटातलं उरलंसुरलं बी रांजणाकडे झटकून दिलं.

रांजणाखाली ओलं गोणपाट असायचं. दिवाळी झाली, हवा गार पडली आणि त्या गोणपाटावर हिरवे ठिपके दिसायला लागले. तिने गुडघे टेकून बघितलं. दोन-दोन पानं, राईएवढी.

"ग्यानोबा, ह्याला पांघरूण सोसत न्हाई!" ती ओरडली. नवऱ्याला नावाने हाक मारल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. आमच्या गल्लीने ते दोन महिने चघळलं. "ह्याला उघडंच पडू द्यायचं. ह्याला उजेड पाहिजे."

मग नवं पाकीट आलं. माती चाळली, बी वरच भुरभुरलं, तळहाताने नुसतं दाबलं. पाणी ओतायचं नाही, बोटांनी शिंपडायचं. चिमण्या येऊ नयेत म्हणून ग्यानोबा शेंगांसकट तिथे बसला. पंधरा-वीस दिवस धीर धरावा लागला. मग रोपं वाफ्यात लावली, दुपारच्या उन्हाला जुन्या लुगड्याचा आडोसा केला. संक्रांतीपर्यंत सेलरी गुडघ्याला आली. गाड्यावरच्या सूपला असा वास सुटला की देगलूरची गाडी सुटली तरी माणसं वाटीतून तोंड काढेनात.

हे सगळं गोड झालं. पण लखन तिशी ओलांडून गेला होता आणि त्याला मुलगी मिळत नव्हती. आजकाल एकच प्रश्न असतो, नोकरी काय करतो? गाडा म्हटलं की समोरून फोन ठेवतात. धुरपताबाईने बाजारातल्या कोणकोणत्या बाईला शब्द टाकला नसेल! हळूहळू तिने लोकांच्या सुनांची थट्टा करणं सोडलं, तेव्हा मला कळलं की हे दुखणं आत गेलंय.

सोयरिकी जुळवणारा आमचा सिद्धलिंग. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं आणि फोन तो हट्टाने डाव्याच कानाला लावतो. त्याने विचारलं, काय नवीन? ही म्हणाली, "लखनची सेलरी चालू झाली की! घरच्या घरीच. आता नांदेडकडं बघायचं काम न्हाई."

आता पगाराला पगार कोण म्हणतं? ज्याच्या-त्याच्या तोंडी सॅलरी, आणि आमच्या जिभेवर सॅ आणि से यांत काही फरक नाही. सिद्धलिंगने अर्धं ऐकलं, अर्धं पदरचं घातलं आणि शिरूर अनंतपाळला शेषेरावांना खबर दिली. पोरगा घरबसल्या कंपनीचं काम करतो, लॅपटॉपवर.

शेषेराव आले, सोबत थोरली बहीण धोंडाबाई. मुलीचं नाव राजकन्या, शेषेरावांची लेक. शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं. नसतं तरी मी गेलो असतो.

चहा झाला. शेषेरावांनी घसा साफ केला. "सेलरी कधीपासून चालू हाय म्हणायची?"

धुरपताबाई खुललीच. "दिवाळीपासून. पयल्यांदा तर आलीच न्हाई. लई वाट बघितली."

"व्हतंय तसं. सुरुवातीला अडकती."

"कापतेत का त्यातली?" धोंडाबाईंनी विचारलं.

"कापावीच लागती, ताई. पण वरवरची. बुडाला मी हात लावू देत न्हाई कुणाला."

"पीएफ असंल," शेषेराव बहिणीच्या कानाशी म्हणाले. "अन् वाढ?"

"वाढ तर बघत राहावी! कापली की दुप्पट जोमानं येती."

शेषेरावांनी दुसरा लाडू उचलला. सिद्धलिंग छताकडे बघत होता. मी हसू दाबायला ओठ चावून बसलो होतो.

"कंपनी कोणती म्हणायची?" धोंडाबाई म्हणाल्या.

"कंपनी?" धुरपताबाई थांबली. तिने सिद्धलिंगकडे बघितलं. तो घाईघाईने म्हणाला, "परदेशी हाय, परदेशी. मोठी." आणि तिला डोळ्याने खुणावलं, हाव म्हण, नुसतं हो म्हण.

आता कुठे तिला उमगलं. लखनला बहुतेक आधीच उमगलं होतं. तो सतरंजीची दशी पिळत खाली मान घालून बसला होता. एक हाव पुरे होतं. पुढचं सिद्धलिंगने निभावून नेलं असतं, मुलगी घरात आली असती, मग कोण कुणाला परत पाठवतंय? धुरपताबाई लेकाकडे बघत राहिली. भावाच्या घासाघिशीत पापणी न हलवणारी बाई, पण पदराचं टोक तिच्या बोटाला वेढे घेत होतं.

मग ती उठली. "ताई, दादा, परसात चला जरा."

वाफ्यापुढे उभी राहून म्हणाली, "ही लखनची सेलरी. नोकरी न्हाई त्याला. स्टँडवर गाडा हाय, रोज भरतो, कुणाचं वाईट करत न्हाई. तुमच्या कानावर दुसरं काई पडलं असंल तर ते खरं न्हाई."

धोंडाबाईंनी एक पान खुडून हुंगलं. शेषेराव पानाकडे बघेनात. "बाई, आम्ही पगार ऐकून आलो व्हतो," एवढंच म्हणाले. जाताना 'कळवतो' म्हणाले. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

"एक हाव जड झालं का तुला?" सिद्धलिंग उसळला. "साखरपुड्याची तारीख घेऊन उठला असता मानूस!"

"अन् पयल्या महिन्याला सुनंनं सेलरी मागितली असती, तर हातात जुडी दिऊ का?"

मी हसलो. ती हसली नाही. लखन गाड्याकडे गेला. ग्यानोबाने शेंगांचं टोपलं बाजूला सारलं. ती वाफ्याशी बसून राहिली आणि मला म्हणाली, "भावजी, पोराचं मी वाटुळं तर न्हाई केलं?" मला आयुष्यात पहिल्यांदा थट्टा सुचली नाही.

शिरूर अनंतपाळात मात्र धोंडाबाईंनी ही गोष्ट पोट धरधरून हसत सांगितली. पीएफवर घरातले सगळे हसले. राजकन्या हसली नाही. तिचा एक साखरपुडा आधी मोडला होता. मुलाची जी नोकरी सांगितली होती ती खरी निघालीच नव्हती. तिने आत्याला विचारलं, "त्या बाईनं आपण होऊन सांगितलं? कुणी पकडल्यावर न्हाई?" आणि म्हणाली, मला तो गाडा बघायचाय.

आत्या-भाची मुखेडला आल्या. बाकावर बसून सूप प्याल्या. राजकन्येने लखनला जे विचारायचं ते तोंडावर विचारलं: रोज किती वाजता घरी येतो, गल्ला कोण सांभाळतं, मी गाड्यावर उभी राहिले तर चालंल का. लखनच्या हातातला झारा दोनदा खाली पडला, पण उत्तरं खरी दिली. शेषेराव महिनाभर कुरकुरले, मग सुपारी फोडली.

परवा होणाऱ्या सुनेचा, राजकन्येचा फोन आला होता. धुरपताबाई अंगणात स्पीकरवर बोलते, म्हणजे गल्लीला वेगळं विचारावं लागत नाही.

"मामी, त्या दिवशी तुम्ही हाव म्हणल्या असत्या तर?"

"तर तू घरात आली असतीस, अन् मी रोज तुला भिऊन राहिले असते."

"अन् आता?"

"आता भ्यायची पाळी तुझी."